वाचक विचारतात : जुनी गाडी घेऊन, नीट करून विकली तर सुटतात किती?

या महिन्यात निम्म्याहून जास्त प्रश्न जुन्या गाड्यांचे आलेत, म्हणून बॅटरीचे आणि टायरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. नेहमीसारखी नावं छापत नाही, फक्त गोव्यातली गावं.

काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा, आयटीआय मोटर मेकॅनिक केलंय, मावसभावाचं डिचोलीत गॅरेज आहे. तीनेक लाख साठलेत. जुनी गाडी घ्यायची, नीट करायची आणि विकायची असा विचार चाललाय. मित्र म्हणतात एका गाडीमागे पन्नास हजार कुठे गेले नाहीत. खरंय का? – साखळी

पन्नास हजार सुटणारी गाडी असते रे, नाही असं नाही, पण ती दर महिन्याला दारात येत नाही. आणि तुझे मित्र जो हिशोब करतात तो घेतली कितीला, विकली कितीला एवढाच असतो, मधलं कोणी धरतच नाही.

समज दहा वर्षांची एक वॅगनआर २ लाख १० हजारांना घेतलीस. दोन टायर साडेसात हजार, बॅटरी साडेचार, क्लच घसरतोय म्हणून प्लेट-प्रेशर प्लेट-बेअरिंग मिळून आठ, एक दरवाजा आणि बंपर टिंकरिंग-पेंटिंग सहा, सर्व्हिस आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश-लिंक सात, ट्रान्सफरची फी आणि एजंट साडेतीन, पेट्रोल वगैरे दीड. झाले ३८ हजार. गाडी पडली २ लाख ४८ ला. तू २ लाख ७५ सांगणार, पार्टी घासाघीस करणार, शेवटी २ लाख ५८ ला सौदा. हातात दहा हजार. मध्ये कोणी पार्टी आणून देणारा असेल तर त्याला पाच, तुला पाच. गाडी दोन महिने अंगणात उभी होती ते धरलंच नाही. आता हीच गाडी घेताना १ लाख ९५ ला तोडली असतीस तर पंचवीस हजार होते. विकताना पंधरा हजार जास्त मागून बघ, कोण देतं? सगळ्यांच्या मोबाईलवर भाव असतात. घेताना मात्र पंधरा हजार पाडता येतात, कारण विकणाऱ्याला घाई असते, मुलगा दुबईला चाललाय, नवी गाडी येऊन उभी आहे, घरात जागा नाही, कायतरी असतंच.

तू मेकॅनिक आहेस हा फायदा मजुरी वाचते त्यात नाही, मजुरी अशी कितीशी. फायदा हा की ज्या आवाजाला बाकीची गिऱ्हाइकं घाबरून पळतात तो आवाज कशाचा ते तुला कळतं. स्टिअरिंग फिरवताना टकटक म्हणजे लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला, असतो सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. एसी गार होत नाही म्हणून मालक वीस हजार कमी करायला तयार होतो आणि गळती असते एका ओ-रिंगला. अशा गाड्या शोध. उलट जिला फक्त पॉलिश हवंय अशी गाडी घेऊ नकोस, तिथे तुझं डोकं काही कामाचं नाही, कोणीही घेऊन चमकवू शकतो, म्हणून तिचा भावही चढलेला असतो.

हात लावायचाच नाही अशा गाड्या कुठल्या? ॲप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) किंवा पिलर (छत पेलणारे खांब) कापून जोडलेली, एअरबॅग उडालेली, पाण्यात गेलेली (याचं खाली आलंय), आणि कागद अडकलेली. बॉनेट उघडलं की फेंडरचे बोल्ट बघ, पान्याचे ओरखडे असतील तर पॅनेल कधीतरी उतरलंय. पेंटचं मीटर एकदा विकत घेच. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, तीनशे दाखवलं की वरून रंगाचा दुसरा हात मारलाय, पाचशे-सातशे दाखवलं की आत पुट्टी आहे. एखादा दरवाजा रंगवलेला असला म्हणून गाडी वाईट होत नाही हां, गोव्यातल्या गल्ल्यांत दरवाजा घासलेला नाही अशी गाडीच सापडायची नाही. छत रंगवलेलं असेल तर मात्र विचार, छत कशाला रंगवलं?

पूर्ण पेंट मारू नकोस. तीस-पस्तीस हजार जातात आणि वर घेणाऱ्याला संशय येतो की हिला काय झालं होतं. त्यापेक्षा हेडलाइट पॉलिश, आतून सीट काढून ड्रायक्लीन, सारखे चार टायर आणि सगळी बिलं एका फायलीत. ती फाईल तू समोर ठेवलीस की घासाघीस आपोआप कमी होते, लोकांना चमक दाखवणारे रोज भेटतात, बिल दाखवणारा नाही.

वेळ पण बघ. चवथीच्या आधी महिनाभर गाड्यांना उठाव असतो, कारण मुंबई-पुण्याचे नातेवाईक यायच्या आत घरात गाडी हवी असते. लगेच पुढे म्हाळाचा पंधरवडा येतो, त्यात आपल्याकडे कोणी नवीन वस्तू घेत नाही, तेव्हा विकणारा एकटा पडतो आणि तेव्हाच तू घ्यायची, दसऱ्याला विकायची. घरात आईला चालत नसेल तर बोलणी पंधरवड्यात कर आणि टोकन नंतर दे. आणखी एक, गाडी लोणच्यासारखी मुरवत ठेवू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ ला नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या एका झटक्यात स्वस्त झाल्या, तेव्हा ज्यांनी चार-पाच गाड्या जुन्या भावात भरून ठेवल्या होत्या त्यांचा नफा बसल्या जागी गेला. तीन लाखांत एकच गाडी घे, ती विकली की दुसरी, आणि पन्नास हजार बाजूला ठेव, कारण गाडी खोलल्यावर काहीतरी निघतंच.

नावावर करायची की नाही हे तू विचारलं नाहीस पण तो मोठा प्रश्न आहे. नावावर केलीस तर फर्स्ट ओनरची गाडी सेकंड होते, विकताना थर्ड होते, भाव पडतो. म्हणून बरेच जण मालकाच्या सह्या घेतलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) खिशात ठेवून फिरतात. मी हे करायला सांगणार नाही. एखाद-दुसरी गाडी असेल तर सरळ नावावर कर आणि भाव कमी मिळेल असं धरूनच घे. धंदा म्हणून करायचं ठरलं तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला वाहतूक खात्याकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं, पाच वर्षांचं असतं, ते घेतलंस की मालक पोर्टलवर गाडी तुझ्या ताब्यात दिल्याचं कळवतो आणि ओनरचा आकडा न वाढवता तू विकू शकतोस. ताब्यातली गाडी घेऊन बायको-पोरांना कळंगुटला फिरवायला मात्र परवानगी नाही, ट्रायल, दुरुस्ती, पेंटिंग, पीयूसी अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची.

भाऊ, मी गेल्या वर्षी माझी गाडी एका एजंटला विकली. पैसे पूर्ण मिळाले, फॉर्मवर सह्या करून दिल्या. आता त्या गाडीची ओव्हरस्पीडिंगची चलनं माझ्या मोबाईलवर येतात, एक तर कर्नाटकातून आलंय. एजंट म्हणतो "होईल ओ ट्रान्सफर, टेन्शन घेऊ नका". – म्हापसा

ताई, टेन्शन घ्याच. चलनं ही किरकोळ गोष्ट आहे. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर नुकसानभरपाईच्या केसमध्ये आरसीवर ज्याचं नाव तो मालक, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या केसमध्ये तर गाडी एकापाठोपाठ एक तिघा-चौघांना विकली गेली होती, तरी जबाबदार धरला तो रजिस्टरवरचा पहिला मालक. आणि विमा संपलेला असेल तर पैसे त्याच्याच खिशातून.

आजच एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, नाव अजून तुमचंच आहे का, विमा कधीपर्यंत आहे. मग म्हापशाच्या वाहतूक कार्यालयात फॉर्म २९ आणि सोबत अर्ज द्या की अमुक तारखेला गाडी अमुक माणसाला विकली, पैसे या तारखेला बँकेत आले, ताबा दिला. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, तुमचे १४ दिवस कधीच गेले, दंड भरावा लागला तरी भरा. इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तीच कॉपी पोलीस स्टेशनला आणि एजंटला रजिस्टर्ड पोस्टाने. हे पत्र मिळालं की ट्रान्सफर आठवड्यात होते असा एकंदर अनुभव आहे, कारण एजंटकडे कागद तयारच असतात, त्याला फक्त पुढची पार्टी मिळेपर्यंत वेळ काढायचा असतो.

फास्टॅग बंद केलात का? नसेल तर तोही तुमच्याच खात्यातून कापला जात असणार. एक बरं आहे, टोलच्या मेसेजवरून गाडी कुठे फिरतेय ते कळतं, ती यादी आधी डाऊनलोड करून घ्या, मग बंद करा. आणि तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो, नवीन गाडी घेतलीत तर जुन्या विमा कंपनीकडून पत्र मागून घ्या, पन्नास टक्क्यांपर्यंत सूट सोडून कशाला द्यायची.

काळ्या नंबरप्लेटची रेंट-अ-कॅब गाडी स्वस्तात मिळतेय, तीन वर्षं जुनी, दिसायला झकास. व्हाइट (म्हणजे पांढऱ्या प्लेटची, प्रायव्हेट) करून विकावी का? – पेडणे

करता येते, लोक करतात पण. परमिट सरेंडर, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा), टॅक्सचा फरक, प्रायव्हेटमध्ये कन्व्हर्जन, नवीन प्लेट. हे सगळं विकणाऱ्याने करून द्यायचं या अटीवरच भाव ठरवा, नाहीतर अर्धं वर्ष तुमच्या चपला झिजणार. आणि व्हाइट केली तरी गाडीचा इतिहास पुसला जात नाही, पुढचा घेणारा 'वाहन' या सरकारी पोर्टलच्या रेकॉर्डवर बघतोच, तेव्हा लपवायच्या भानगडीत न पडता सांगूनच विका आणि घेतानाच भाव तसा पाडा.

खरी गंमत पांढऱ्या प्लेटवाल्या गाड्यांची. कित्येक प्रायव्हेट गाड्या बेकायदेशीर भाड्याने फिरलेल्या असतात आणि विकताना "सिंगल हँड, ऑफिसला जायला-यायला वापरली" म्हणून पुढे येतात. ओळखायची कशी, तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि रुळात बोट घाला. कचकच वाळू लागली तर ऑफिस कुठल्या बीचवर होतं ते विचारा. डॅशबोर्डखाली जीपीएसची वायर तोडलेली किंवा टेप गुंडाळलेली सापडते. मागच्या दरवाजांचे पॅनेल, मागचे सीटबेल्ट ड्रायव्हरच्या बाजूइतकेच वापरलेले दिसतात, घरच्या गाडीत मागे एवढं कोण बसतं. डिकीच्या काठावर बॅगांचे ओरखडे. दुसरी चावी नसते. क्लच आणि हँडब्रेक तर विचारूच नका.

मुलाने ऑनलाइन बघून बाहेरून गाडी आणली. एसी लावला की दहा मिनिटं कुबट वास येतो. विकणारा म्हणतो पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना येतो. पाण्यात गेलेली असेल का? – मडगाव

पावसाळ्यात येतो हे खरंय, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते. केबिन फिल्टर बदला, ब्लोअर चालू ठेवून एसी बंद करून पाच मिनिटं चालवा, वास गेला तर विषय संपला.

नाही गेला तर एक अर्धा तास काढा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी शेवटपर्यंत, जो भाग वर्षानुवर्षं आत गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेषा दिसली की पाणी तिथवर आलं होतं. कार्पेट सगळे धुतात, बेल्ट आतून कोणी धूत नाही. मग पुढच्या सीटखालचे स्क्रू आणि कनेक्टर बघा, तांब्यावर हिरवट पावडर आली असेल तर वाईट. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, कोपऱ्यातल्या वेल्डिंगला गाळ चिकटलेला राहतो, तो बारीक असतो, पिठासारखा, रस्त्यावरच्या धुळीसारखा नाही. हेडलाइटच्या आत तळाला रेघ आहे का बघा.

नंतर कागद. कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ ला पूर होता, चिपळूणला जुलै २०२१ ला, त्याच वेळी आपल्या सत्तरी-डिचोलीत पण घराघरांत पाणी होतं. गाडी एमएच-०८, ०९, १० किंवा जीए-०४ असेल तर त्या महिन्यांनंतर सर्व्हिस सेंटरच्या हिस्टरीत मोठं काम किंवा मोठी गॅप दिसते का बघा. इन्शुरन्सचा क्लेम झालाय का तेही विचारून घ्या. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन नीट करता येतं, त्रास देतं ते वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आज पॉवर विंडो, उद्या एबीएसची लाइट, परवा स्टार्टच नाही.

आता गंज. बाहेरून आणलेल्या गाडीपेक्षा आपल्याच किनाऱ्यावरच्या गाडीला तो जास्त असतो, हे लोक विसरतात. बायणा, मिरामार, कांदोळी अशा ठिकाणी उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून भाकरीच्या तव्यासारखी. दरवाजा उघडून खालच्या पट्टीवर, डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीत बघा. गाडीखाली ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर खाली पत्रा उरलेला नाही. गंजावरच कोटिंग मारलं की ओल आत अडकते आणि वरून काही दिसत नाही, आतून चालूच. लाल मातीचे पोपडे वर्षानुवर्षं साचलेले असतात तिथेही ओल राहते, खाणपट्ट्यातल्या गाड्यांचं खास बघा.

मी रिटायर्ड शिक्षक. माझी स्वतःची गाडी विकणार आहे. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागला असं वाचलं. मला भरावा लागेल का? – फोंडा

नाही सर. जानेवारी २०२५ मध्ये जो १८ टक्के झाला तो जीएसटी रजिस्टर्ड धंदेवाल्यांना, तोही पूर्ण किमतीवर नाही, घेतलेल्या आणि विकलेल्या भावातल्या फरकावर. फरक उणे असेल तर शून्य. तुम्ही सहा लाखांना घेतलेली दोन लाखांना देणार, स्वतःच्या वापरातली, तुमचा काही संबंध नाही.

पण साखळीच्या मुलाने हे वाचावं. दुरुस्तीचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही. वरच्या हिशोबात घेणं-विकणं यातला फरक ४८ हजार, त्यावर १८ टक्के म्हणजे ८,६४०, आणि प्रत्यक्ष सुटलेले दहा हजार. म्हणजे रजिस्ट्रेशन घेण्याइतका धंदा वाढला की दुरुस्तीला खूप पैसे खाणारी गाडी परवडतच नाही, कमी खर्चाचीच बघावी लागते. रजिस्ट्रेशन कधी लागतं ते सीएकडे बसून समजून घे, कोणाच्या स्टेटसवर वाचून नको.

दिल्लीच्या डिझेल एसयूव्ही अर्ध्या किमतीत मिळतात. आणून विकाव्यात का? – वास्को

तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलवर बंधनं आली म्हणून त्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या, यात फसवणूक काही नाही. पण आणण्याचा खर्च, तिथली एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, हे मिळवलं की अर्धी किंमत पाऊण होते, आणि तिथल्या एनओसीला उशीर झाला तर पैसे अडकून पडतात. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली असेल तर री-रजिस्ट्रेशन धरा, त्याला पाच हजार फी, वीस वर्षांवर दहा हजार, फिटनेस वेगळं. चोरीची नाही ना हे एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) पोर्टलवर चेसिस नंबर टाकून बघता येतं, ते करा आणि प्रिंट फायलीत लावा. पहिल्याच गाडीला हा खेळ नको, बेळगाव-कुडाळच्या गाड्यांवर आधी हात बसू दे.

अनोळखी पार्टी येते आणि एकटीच टेस्ट ड्राइव्ह मागते. द्यावी का? आणि पैसे रोख घेतले तर चालतील? – काणकोण

एकट्याला नाही. लायसन्सचा फोटो आधी, चावी नंतर, तुम्ही बाजूला बसायचं, आणि विमा संपलेला असेल तर गाडी गेटबाहेर काढायचीच नाही. एका सौद्यात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दोन दिवसांत तोडून घेतले तरी नाही, दंड तेवढ्याच रकमेचा असतो. टोकन यूपीआयने, बाकी बँकेत, आणि पैसे खात्यात दिसल्यावर ओरिजिनल आरसी द्या. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, त्याच संध्याकाळी सिग्नल तोडला तर कोणी तोडला ते दाखवता येईल.